वारशाची मोटारसायकल: इंजिन बांधायचे की बदलायचे?

वाशिम, रिसोड किंवा कारंज्याच्या बाजारात उभ्या दुचाकींच्या नंबरपाट्या वाचत गेलात, तर एमएच-३७ च्या रांगेत मधूनच एखादी एमएच-३० दिसते. त्यातल्या काही अकोल्याहून आलेल्या माणसांच्या असतात. काही मात्र इथल्याच असतात आणि वयाने जिल्ह्याहून मोठ्या असतात. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी इथे घेतलेल्या गाडीची नोंद अकोल्यालाच होत असे. अशा गाडीला आता पाव शतक उलटून गेले आहे, आणि बहुधा ती घेणाऱ्याच्या हातून पुढच्या पिढीच्या हाती आली आहे.

या गाड्या कोणत्या? १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत भारतीय कंपन्यांनी जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून १०० सीसीच्या मोटारसायकली बाजारात आणल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १००. त्याआधी खेड्यापाड्यांत राजदूत, येझदी आणि बुलेट यांचे राज्य होते. नव्या गाड्या हलक्या होत्या, एका किकेत सुरू होत होत्या आणि सीडी १०० तर पेट्रोल पुरवून पुरवून वापरत होती. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, शेतकरी अशा सगळ्यांच्या दारात मोटारसायकल उभी राहिली.

ती घेणारे वडील किंवा आजोबा गेले की गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली जाते. वर्षा-दोन वर्षांनी कुणाला तरी ती पुन्हा चालवावीशी वाटते. मिस्त्रीकडे नेली की तो किक मारून पाहतो, कान देतो आणि विचारतो, “हाफ करायचं की फुल? की दुसरं इंजिनच टाकून देऊ?” बहुतेकांचा निर्णय या प्रश्नावर, उभ्या उभ्या होतो. तो तसा होऊ नये, यासाठी हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. इंजिनातला जवळपास प्रत्येक भाग बदलता येतो. बदलता येत नाही तो क्रँककेस, म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या कवचावर इंजिन नंबर कोरलेला असतो ते कवच. ते शाबूत असेल आणि आतले भाग बाजारात मिळत असतील, तर इंजिन बांधावे. दुसऱ्या इंजिनाचा विचार कवच निकामी झाले असेल तरच करावा. आणि यातले काय लागू आहे, हे मोजमाप घेतल्याशिवाय ठरवू नये.

झीज कुठे होते

पिस्टन बोअरमध्ये धावतो तेव्हा त्याच्या रिंगा बोअरच्या भिंतीला टेकून दोन कामे करतात. वरचा दाब खाली जाऊ देत नाहीत आणि खालचे ऑइल वर येऊ देत नाहीत. बोअरची सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाला होते, जिथे पहिली रिंग येऊन थांबते आणि परत फिरते. तिथे उष्णता सर्वाधिक असते, ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो आणि जळणाचा दाब रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. शिवाय कनेक्टिंग रॉड पिस्टनला तिरका ढकलतो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन बाजू जास्त घासल्या जातात. गोल बोअर हळूहळू लंबगोल आणि वरच्या टोकाशी रुंद होतो.

आपल्याकडे ही झीज धुळीने वाढते. उन्हाळ्यातली पांदण रस्त्याची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, ट्रॅक्टरमागून जाताना उडणारी माती हे सगळे एअर फिल्टरने अडवायचे असते. फिल्टर फाटलेला असेल किंवा पिकअप वाढतो म्हणून कुणी काढूनच टाकला असेल, तर ही धूळ बोअरमध्ये जाऊन ऑइलबरोबर घासणीचे काम करते. पोत्यांचे ओझे घेऊन, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगाने ओढत नेण्याची सवयही इंजिनाला मारक असते.

दुसरे कारण ऑइल. सीडी १०० आणि स्प्लेंडरच्या इंजिनात ऑइल जेमतेम एक लिटर असते आणि तेच ऑइल पिस्टन, क्लच आणि गिअर या तिघांना पुरते. कागदी ऑइल फिल्टर या इंजिनात नाही. एक जाळी असते आणि क्लचच्या बाजूला क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. फिरण्याच्या जोराने गाळ त्याच्या कडेला जाऊन बसतो. तो उघडून पुसला नाही, तर वर्षानुवर्षे तिथेच थापला जातो. जुनी गाडी हाती आली की हे झाकण उघडून पाहावे. आधीच्या मालकाने गाडीची निगा कशी राखली, हे आतला गाळ सांगतो.

खोलण्याआधी

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला आल्या आल्या किक मारू नये. रिंगा बोअरला गंजून चिकटलेल्या असतील तर जोराच्या किकेने रिंग तुटते आणि बोअरवर ओरखडा पडतो. आधी जुने ऑइल काढून नवे भरावे. प्लग काढून त्या भोकातून थोडे ऑइल आत सोडावे आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवावे. इंजिन मोकळे झाले की हळूच किक फिरवून पाहावी. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे आणि कार्बोरेटर साफ करून घ्यावा.

गाडी सुरू झाली तर धूर पाहावा. बराच वेळ उभ्या गाडीला सुरू करताना निळा धूर आला आणि नंतर कमी झाला, तर संशय वॉल्व्ह गाइड आणि त्याच्या सीलवर जातो. ॲक्सिलरेटर पिळताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा आणि बोअर गेले असण्याची शक्यता जास्त. काळा धूर ऑइलचा नसतो. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, म्हणजे दुखणे कार्बोरेटरचे किंवा गच्च झालेल्या एअर फिल्टरचे आहे.

आवाजही ओळखावा. हेडमधली बारीक टकटक बहुधा टॅपेटची असते आणि ती केवळ सेटिंगने जाते. बाजूने येणारी खरखर टायमिंग चेनची असते. थंड इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज पिस्टन-बोअरमधल्या ढिलाईचा असतो. चढावर, ओझ्याखाली येणारा खोल ठोका मात्र गंभीर आहे. तो क्रँकच्या बेअरिंगचा असू शकतो आणि तो आल्यावर गाडी पुढे चालवू नये.

यानंतर कॉम्प्रेशन गेज लावावे. प्लगच्या जागी गेज बसवून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून, किका मारून आकडा लिहून घ्यावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा बऱ्यापैकी वाढला तर ऑइलने रिंगांची फट भरून काढली, म्हणजे झीज रिंगा-बोअरची आहे. वाढला नाही तर दाब वॉल्व्हमधून किंवा हेड गॅसकेटमधून निसटतो आहे. यात एक खबरदारी आहे. सीडी १०० आणि स्प्लेंडरचा सिलिंडर जवळपास आडवा असतो, त्यामुळे ऑइल एका बाजूला साचते आणि ही चाचणी तिथे इशाऱ्यापुरतीच धरावी लागते.

“पिकअप नाही” एवढ्या एका तक्रारीवर इंजिन खोलू देऊ नका. घसरणारा क्लच, चिकटून बसलेला मागचा ब्रेक, कार्बनने भरलेला सायलेन्सर, कमकुवत प्लग हे सारे गाडीला तसेच मंद करतात आणि यातले कोणतेही काम इंजिन बांधण्याच्या तुलनेत किरकोळ खर्चात होते.

हाफ, फुल आणि मोजमाप

गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे वरचे काम: हेड, वॉल्व्ह, बोअर, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे त्याबरोबर केस उघडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगा, गिअर आणि सगळे सील. हाफ करायचे की फुल, हे मिस्त्रीच्या अनुभवावर सोडू नये. बोअर लेथवाल्याकडे नेऊन बोअर गेजने मोजून घ्यावा: वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी. असे सहा आकडे मिळतात आणि त्यांच्यातला फरक म्हणजे बोअरची झीज. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा असतो. डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी झीजही इंजिनाला ऑइल प्यायला लावते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

बोअर झिजला असेल तर तो थोडा मोठा करून, त्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. ही मापे साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. पिस्टनच्या माथ्यावर ते माप कोरलेले असते, म्हणून जुना पिस्टन बाहेर आला की आधी त्याचा माथा साफ करून वाचावा. वडिलांच्या काळात गाडीचे किती वेळा बोरिंग झाले आणि अजून किती वाव उरला आहे, हे तिथे कळते.

सीडी १०० चे गणित करून पाहू. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, म्हणून इंजिन ९७.२ सीसीचे. अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला की ते ९९.१ सीसी होते, आणि शेवटच्या एक मिलिमीटरच्या पायरीवर १०१.१ सीसी. चारही पायऱ्या संपल्या तरी वाढ चार सीसीच्या आसपासच. म्हणजे बोरिंगने ताकद वाढते ही समजूत चुकीची आहे. बोरिंग करायचे ते बोअर पुन्हा गोल करण्यासाठी. म्हणून सर्वांत लहान पुरेशी पायरी निवडावी, सरळ एक मिलिमीटरवर उडी मारू नये. पायऱ्या संपल्या असतील तर जुना लायनर काढून नवा ठोकता येतो किंवा पूर्ण बोअर-पिस्टन किट घेता येते.

आता खालची बाजू. कनेक्टिंग रॉड हातात धरून, बोअरच्या दिशेने ओढून-ढकलून पाहावा. त्या दिशेला जराही खेळ असता कामा नये. बाजूला थोडा सरकला तर ते नेहमीचे आहे. खेळ असेल तर क्रँक काढावाच लागतो. या गाड्यांचा क्रँक दोन चकत्या आणि मधली पिन दाबून बसवलेला असतो. नवा रॉड बसवायला प्रेस लागतो आणि नंतर क्रँक सेंटरवर फिरवून, डायल गेजने पाहून सरळ करावा लागतो. हातोड्याने ठोकून क्रँक सरळ करणारा आणि मोजणारा यांतला फरक पुढची काही वर्षे गाडीच्या थरथरीत जाणवतो. गावात ही सोय नसेल तर क्रँक अकोल्याला पाठवण्याचा वेळ सत्कारणी लागतो.

सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत नीट पाहायचे ते कवच. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटजवळ केस फुटलेला आहे का? ड्रेन बोल्टचे आटे गेले आहेत का? बेअरिंग आपल्या घरात ढिले होऊन फिरले आहे का? गेलेले आटे हेलिकॉइलने पुन्हा करता येतात. लहान तडा चांगला वेल्डर जोडून देतो. पण बेअरिंगचे घर वेडेवाकडे झिजले असेल किंवा केसचा मोठा तुकडाच गेला असेल, तर त्या कवचात कितीही नवे भाग घातले तरी ते टिकत नाहीत. दुसऱ्या इंजिनाचा विचार इथून सुरू व्हावा.

आरएक्स १०० ची गोष्ट वेगळी

आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा स्वतःच एक पंप असतो; पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी त्यात येते आणि तिथून बोअरमध्ये जाते. त्यामुळे क्रँकचे दोन सील इथे जीव की प्राण असतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन जळते. धूर खूप येतो, गिअर ऑइल कमी होत जाते आणि बाहेर मात्र थेंबभरही गळती दिसत नाही. पुष्कळांनी अशा गाडीचा चांगला बोअर विनाकारण कापून घेतला आहे. टू-स्ट्रोक उघडली की दोन्ही सील बदलावेतच, आणि ऑइल पंपाची नळी हवेविना भरलेली आहे हे पाहूनच इंजिन सुरू करावे.

या गाडीचे अस्सल भाग आता दुर्मिळ आहेत आणि नकली भरपूर. म्हणून तिच्याबाबत आधी भाग हाती घ्यावेत, मग इंजिन खोलावे. उलट सीडी १०० आणि स्प्लेंडरच्या मालकाला ही चिंता कमी. हिरोच्या आजच्या १०० सीसी गाड्यांतही बोअर-स्ट्रोकचे माप तेच आहे, आणि जुन्या रचनेचे पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह तालुक्याच्या दुकानात मिळतात.

दुसरे इंजिन टाकताना

दुसरे इंजिन स्वस्त आणि झटपट वाटते, पण ते कुठून आले हे विचारा. भंगारातून आलेल्या इंजिनाची झीज कुणी मोजलेली नसते. ते उघडून पाहिले तर बहुधा त्यालाही हाफचे काम निघते, आणि खर्च दुप्पट होतो. नवीन स्प्लेंडरचे इंजिन जुन्या सीडीत बसवू, असाही एक सल्ला मिळतो. २०२० पासूनची स्प्लेंडर इंधन इंजेक्शनची आहे. तिचे सेन्सर, वायरिंग, टाकीतला पंप हे सगळे जुन्या गाडीत नाही. आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चे इंजिन सहज बसते आणि पुष्कळांनी ते बसवले आहे. पण तिची नोंद ९८ सीसीची असते आणि इंजिन १३२ सीसीचे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच जातीचे इंजिन बदलले तरी नवा नंबर आरटीओत नोंदवावा लागतो. त्यासाठी त्या इंजिनाचे बिल आणि ते ज्या गाडीचे होते तिची कागदपत्रे हवीत. हे नसेल तर उद्या नाक्यावर पोलिसांनी नंबर ताडून पाहिला, किंवा अपघातानंतर विमा कंपनीने पाहिला, की उत्तर तुम्हाला द्यावे लागते. चोरीच्या गाडीचे इंजिन अजाणता पदरात पडण्याचा धोकाही यातच आहे.

मोठ्या इंजिनाची गरज तरी किती? समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. ही गाडी जाणार ती शेतावर, तालुक्याला, फार तर जिल्ह्याच्या ठिकाणी. त्या रस्त्यांना १०० सीसी पुरून उरते.

आधी कागद, मग पाना

वारशाच्या गाडीत पहिला खर्च कागदांवर करावा. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. उशीर झाला असला तरी मार्ग बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती घेऊन जावे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. जुनी नोंद फक्त वहीत असेल आणि वाहन या संगणक प्रणालीत नसेल, तर ती आधी चढवून घ्यावी लागते. ती अकोल्याला आहे की वाशिमला, हेही विचारावे. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावेत. जुळले नाहीत, तर इंजिन खोलण्याआधी तो गुंता सोडवावा. ज्या गाडीची नोंद पुन्हा होणारच नाही, तिच्या इंजिनावर फुलचा खर्च करण्यात अर्थ नाही.

बांधल्यानंतर

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि ते पाणीही शोषून घेते. म्हणून इंजिन बांधतानाच पेट्रोलची नळी, कार्बोरेटरच्या रिंगा आणि फ्लोट वॉल्व्ह बदलून घ्यावेत. इथेनॉलने मिश्रण थोडे पातळ होते, तेव्हा कार्बोरेटरची सेटिंग नव्याने करावी आणि काही दिवसांनी प्लगचा रंग पाहावा. फिकट तपकिरी चांगला. पांढरट म्हणजे इंजिन तापते आहे. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

नव्या रिंगा बोअरवर बसायला पहिले काही शे किलोमीटर लागतात. या काळात एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, ओझे घालू नये, वरच्या गिअरमध्ये ओढू नये. पहिले ऑइल लवकर, पाचशे किलोमीटरच्या आतच बदलावे. त्यात नव्या भागांची धातूची बारीक पूड असते.

निर्णय

कवच शाबूत, नंबर जुळणारा, भाग मिळणारे असतील तर बांधा. झीज वरच असेल तर हाफ पुरे. रॉडला खेळ असेल तर हातचे न राखता फुल. कवच गेले असेल आणि गाडी रोज चालवायची असेल, तर त्याच मॉडेलचे कागदवाले इंजिन शोधा आणि नोंद करून घ्या. कवचही गेले आणि नोंदही होणार नाही अशी गाडी रीतसर भंगार केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. ती ठेवायचीच असेल तर रस्त्यावर न नेता ठेवावी. यातला कोणताही निर्णय वडिलांच्या आठवणीचा अपमान नाही. मोजल्याशिवाय पैसे ओतले आणि सहा महिन्यांत गाडी पुन्हा पत्र्याखाली गेली, तर मात्र हळहळ वाटते.

मिस्त्रीकडून दोन गोष्टी मागून घ्या: बदललेले जुने भाग आणि एका कागदावर लिहिलेले काम. बोअरचे सहा आकडे, पिस्टनची पायरी, कोणते सील आणि बेअरिंगा बदलल्या, तारीख, किलोमीटर. तो कागद आरसीसोबत ठेवा. या गाडीच्या इंजिनात अजून किती आयुष्य शिल्लक आहे, हे तुमच्यानंतर ती चालवणाऱ्याला त्यावरून कळेल आणि त्याला हा शोध पहिल्यापासून घ्यावा लागणार नाही.